स्मरणिकेतला संस्थापक

दर वर्षी जुलै संपता संपता इतिहास विभागाचे केशवराव सर ग्रंथालयात येतात आणि म्हणतात, "माया मॅडम, पोरांचा तो तास घेऊन टाका." तो तास म्हणजे एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या पोरांना लघुप्रबंधासाठी संदर्भ कसे निवडायचे ते सांगायचं. मी अमरावतीच्या या कॉलेजात ग्रंथपाल आहे आणि हे काम माझ्या गळ्यात पडलेलं आहे. मला ते आवडत नाही असं मी सगळ्यांना सांगते. खरं तर आवडतं, पण तसं कळू दिलं तर आणखी चार तास गळ्यात पडतील.

पोरांची एक पक्की समजूत असते. ज्या नियतकालिकाच्या अंकावर आयएसएसएन नंबर छापलेला, ते संशोधन. त्यांना ही समजूत काही आभाळातून मिळालेली नाही, आमच्यातल्याच काही प्राध्यापकांनी दिलेली आहे. मी सांगून सांगून थकले की बाबांनो, तो नंबर गाडीच्या नंबरप्लेटसारखा असतो. गाडी कोण चालवतोय आणि त्याला चालवता येतं की नाही, ते प्लेट बघून कळत नाही. पोरं हसतात, मान डोलावतात आणि पुढच्या आठवड्यात नंबर बघूनच झेरॉक्स मारून आणतात.

या वर्षीही मी टेबलावर तीन वस्तू मांडल्या. वर्तमानपत्राची रविवारची पुरवणी, एक शोधपत्रिका आणि एक स्मरणिका. म्हटलं, पुरवणीतला लेख वाचणाऱ्याला आवडावा म्हणून लिहिलेला असतो. त्यात वाईट काही नाही, रविवारी चहासोबत मीही तोच वाचते. पण संशोधनाचा लेख दुसऱ्या जाणकाराला तपासता यावा म्हणून लिहिलेला असतो. लिहिणारा आपल्याला हे कुठून कळलं ते सांगत सांगत पुढे जातो, आणि छापण्याआधी त्या विषयातल्या कोणीतरी ते वाचून शंका काढलेल्या असतात. निदान काढायला हव्यात. तेव्हा तळटीप दिसली की नुसता नमस्कार करून पुढे जायचं नाही. ती जिथं बोट दाखवते तिथपर्यंत जाऊन बघायचं.

मग मी स्मरणिका उचलली. आमच्याकडे स्मरणिकेचं भारी वेड. कोणी निवृत्त झालं, कोणी वारलं, संस्थेला पन्नास वर्षं झाली, की काढा स्मरणिका. मी म्हटलं, "स्मरणिका वाचून बघा. तिच्यात आजवर एकही माणूस वाईट निघालेला नाही. सगळे कशाचे ना कशाचे संस्थापक, आणि सगळे मनमिळाऊ."

वर्ग हसला. मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. तिचं नाव पिंकी तायडे. हजेरीपटावरही पिंकीच आहे. ती म्हणाली, "मॅडम, माह्या आजोबाची पण स्मरणिका हाये. त्यात लिहिलेलं खोटं नाई." तिचा चेहरा लाल झाला होता. मी म्हटलं, "खोटं आहे असं मी म्हटलं नाही. तपासलेलं नाही, एवढंच म्हटलं." ती खाली बसली, पण माझ्यावर रागावली ती रागावलीच.

तिच्या रागाचं कारण मला केशवराव सरांकडून कळलं. पिंकीचा लघुप्रबंध चांदूर रेल्वे तालुक्यातल्या रात्रीच्या शाळांवर होता. छप्पन्न साली धम्म स्वीकारल्यानंतर गावोगाव मोठ्या माणसांसाठी अशा शाळा निघाल्या. दिवसभर मजुरी करून आलेली माणसं कंदिलाच्या उजेडात अक्षरं गिरवायची. पिंकीचं गाव त्याच तालुक्यातलं. तिथली शाळा तिच्या आजोबांनी, डोमाजी तायड्यांनी काढली, हे ती लहानपणापासून ऐकत आलेली. तिचं तिसरं प्रकरण त्यांच्यावर होतं. खरं सांगायचं तर ती इतिहासाकडे वळली तीच या आजोबांमुळे. आणि सरांनी सांगून ठेवलं होतं की एका घरगुती स्मरणिकेवर अख्खं प्रकरण उभं राहत नाही. संशोधनाचा आधार आण, नाहीतर प्रकरण गाळ.

त्यानंतर महिनाभर पिंकी रोज ग्रंथालयात असायची. माझ्याशी कामापुरतं बोलायची. मी तिला गॅझेटियर काढून दिलं, दोन जुने प्रबंध काढून दिले. डोमाजींचं नाव कुठेच नव्हतं. पोरगी वाळत चालली होती. मला वाईट वाटायचं, पण नसलेलं नाव मी कुठून आणून देणार?

मग एक दिवस ती धावतच काउंटरवर आली. हातात एका शोधपत्रिकेतल्या लेखाची प्रत होती. विदर्भातल्या प्रौढशिक्षणावर कोण्या प्राध्यापकांनी लिहिलेला, वीसेक पानांचा, शेवटी भली मोठी संदर्भसूची असलेला लेख. त्यात एक वाक्य होतं: या गावातली रात्रशाळा डोमाजी तायडे यांनी अठ्ठावन्न साली स्थापन केली.

"सरांनी पाह्यला मॅडम," ती म्हणाली. "म्हणाले, आता हरकत नाई. प्रकरण ठेव. आमच्या बाबाले फोन केला तर ते रडूनच राहिले होते." तिनं माझ्यासाठी पेढा आणला होता. म्हणजे राग गेला होता.

मी पेढा खाल्ला. आणि मग माझी खोड आडवी आली. त्या वाक्याच्या शेवटी बारीक आकडा होता. मी शेवटचं पान उलटलं, आकडा शोधला आणि वाचलं. आधार म्हणून एका स्मरणिकेचं नाव दिलेलं होतं. 'डोमाजी तायडे प्रथम स्मृतिदिन स्मरणिका', वीस वर्षांपूर्वीची.

मी पिंकीला म्हटलं, "तुझ्याकडची स्मरणिका हीच का?"

तिनं वाचलं. तिला लगेच कळलं, हुशार मुलगी आहे. तरी म्हणाली, "पण मॅडम, हे तर शोधपत्रिकेत छापून आलं ना आता."

"छापून आलं. पण त्या प्राध्यापकांना वेगळं काही सापडलेलं नाही. त्यांनी तुमच्या घरची स्मरणिका वाचली आणि लिहिलं. तू आता त्यांना वाचून लिहिशील. उद्या कोणी तुला वाचून लिहील. मग तिघांनी सांगितलं असं होईल, आणि सांगितलेलं असेल एकानंच."

"सर पास करून राहिले," ती म्हणाली. डोळ्यात पाणी आलं होतं. "तुमी काहून अडवून राहिल्या?"

प्रश्न रास्त होता. मार्गदर्शक सर होते, मी नव्हते. गुण सर देणार होते. मी गप्प बसले असते तर कोणाचं काही बिघडलं नसतं. पण मला तसं बसता येत नाही, आणि या स्वभावापायी माझं कॉलेजात फारसं कोणाशी पटतही नाही. मी तिला म्हटलं, "मी अडवत नाही बाई. तू ठेव ते वाक्य, माझी सही लागत नाही. फक्त एक सांग. स्मरणिकेतला तो लेख कोणी लिहिला?"

"बाबांनी."

"त्यांना कोणी सांगितलं?"

तिला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "मग विचार. बाबांना विचार, आणि त्या काळचं गावात कोणी असेल त्यांना विचार. एकट्या एकट्याला विचार, सगळे जमवून विचारू नकोस. सगळे जमले की सगळे एकच सांगतात."

पिंकीचे वडील अकोल्याला असतात. जिल्हा परिषदेतून मोठे बाबू म्हणून निवृत्त झालेले. आजी, सुंदराबाई, मात्र अजून गावीच काकाजवळ. पिंकी आधी आजीकडे गेली. सुट्टी संपवून परत आली तेव्हा तिनं मोबाईल माझ्यासमोर ठेवला आणि रेकॉर्डिंग लावलं. म्हातारीचा आवाज खणखणीत होता.

"शाळा? शाळा तं भगवंत मास्तरनं काढली. प्रायमरी शाळेतला मास्तर होता थो, दर्यापूराकडचा. एकटाच राहे. समाजमंदिर कुठं होतं तवा, आमच्याच ओसरीत भरे शाळा. तुहा आजा शिकाले बसे तिथं. तरण्या पोट्ट्यायच्या रांगेत बसे, काही लाज नाई. तीस-पस्तीसचा गडी. पाटी माहीच घेतली होती त्यानं, मले काई शिकू देल्लं नाई. मंग मास्तरची बदली झाली. गेला बिचारा. पुन्हा काई आला नाई."

पिंकीच्या आवाजात मधे एक प्रश्न होता, "आजी, मंग आजोबानं शाळा काढली असं बाबा काहून म्हणतात?" आणि म्हातारीचं उत्तर होतं, "त्यालेच विचार. थो जल्मला बी नव्हता तवा."

पिंकी एवढ्यावर थांबली नव्हती. गावातल्या गोदाबाई नावाच्या दुसऱ्या म्हातारीकडे ती एकटी गेली. गोदाबाईचा मोठा भाऊ त्या शाळेत जायचा. तिनंही भगवंत मास्तरच सांगितला. प्राथमिक शाळेच्या जुन्या कागदांत त्या नावाचे शिक्षक अठ्ठावन्न सालापासून दोन वर्षं त्या गावात होते हेही सापडलं. त्या आधी नाहीत, त्यानंतर नाहीत. मी तास घेऊन घेऊन जे शिकवते ते सगळं या मुलीनं केलं होतं, आणि तिचा चेहरा मात्र सुतकी होता.

"भगवंत मास्तरचं नाव कुठंच काहून नाई मॅडम?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "त्याची स्मरणिका काढायला गावात त्याचं कोण होतं?"

तिनं मोबाईल उचलून पिशवीत ठेवला. मग म्हणाली, "बाबाले मी सांगू शकत नाई. त्यायनं सगळ्या नातेवाइकायले सांगून ठेवलं की आता युनिव्हर्सिटीत आजोबाचं नाव लागते. लघुप्रबंध झाला का अकोल्याले कार्यक्रम ठेवून राहिले." मी तिला काही सुचवलं नाही. सुचवण्यासारखं माझ्याकडे होतंही काय? लघुप्रबंध द्यायला थोडेच दिवस उरले होते.

तिनं सांगितलं नाही, पण आजीनं सांगितलं असावं. पुढच्या मंगळवारी दुपारी पिंकीचे वडील स्वतःच ग्रंथालयात आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली स्मरणिका. पिंकी वाचन कक्षात होती. तिच्याकडे न बघता ते सरळ माझ्या टेबलाशी आले.

"मी सहदेव तायडे. पिंकीचा बाप. मॅडम, तुमी माह्या पोरीच्या डोक्यात काय भरून राहिल्या?"

मी खुर्ची दिली. ते बसले नाहीत.

"सरायनं मंजूर केलं. मोठ्या पत्रिकेत छापून आलं. अन तुमी म्हणता आमची स्मरणिका खोटी. आमची माणसं पह्यल्यांदा छापून येऊन राहिली, तं तुमाले त्यातच खोट दिसली? बाकीच्यायच्या पुस्तकायले कोणी विचारत नाई पुरावा."

खरं सांगते, ते शेवटचं मला लागलं. कारण त्यात तथ्य होतं. मी स्वतः त्याच समाजातली. माझ्या आजोबांचं नाव कुठल्या कागदावर असेल तर ते मजुरीच्या. मी म्हटलं, "दादा, विचारत नाहीत, ही चूक आहे. सगळ्यांनाच विचारायला पाहिजे. पण आपल्याला तर हटकून विचारतील. उद्या कोण्या शहाण्यानं हे वाक्य खोडून काढलं तर तो एवढंच खोडणार नाही. म्हणेल, यांचं सगळंच असं. मग खरी शाळासुद्धा खोटी ठरेल."

तोवर पिंकी उठून आली होती. ती मधे पडली नाही, टेबलाशी उभी राहिली फक्त. सहदेवरावांनी तिच्याकडे पाहिलं आणि ते खुर्चीत बसले.

"बाबा," ती म्हणाली, "आजोबानं सोता कधी सांगतलं होतं का तुमाले, का शाळा मी काढली?"

त्यांनी स्मरणिका पिशवीतून काढली, पुन्हा पिशवीत घातली. "नाई," ते म्हणाले. "तो काईच सांगत नव्हता. शाळा ओसरीत भरे एवढं माहीत होतं. ओसरी आपली, मंग शाळा बी आपलीच असंल, असं धरलं." मग म्हणाले, "अन खरं सांगू का, मले थोडं माहीतच होतं. पण त्या साली ऑफिसात सगळ्यायच्या स्मरणिका निघून राहिल्या होत्या. याचा बाप संस्थापक, त्याचा बाप अध्यक्ष. माहा बाप नुसता शिकला, असं लिहू काय? शिकण्यात काय छापण्यासारखं असते?"

मी काही बोलणार होते, पण पिंकीच बोलली.

"बाबा, मी इतके दिवस झाले सगळं वाचून राहिली. गॅझेटियर, प्रबंध, सगळं. सगळीकडं शाळा काढणारेच हायेत. कोण शिकाले आलं, त्याचं एक नाव नाई. नुसतं लिहिते, चाळीस प्रौढ, तीस प्रौढ. सरायनं मले पह्यल्याच दिवशी विचारलं होतं, शिकणारे कोण होते ते सापडते का पाहा. मले एक नाई सापडला. आता सापडला."

सहदेवरावांनी पिशवी टेबलावर ठेवली.

"मी तिसरं प्रकरण भगवंत मास्तरवर अन आजोबावर लिहीन म्हणते. एक शिकवणारा, एक शिकणारा. पण आजी म्हणते तेवढंच हाये माह्यापाशी. ते शाळेतून काय शिकले, शिकल्यानं काय झालं, हे सांगाले कोणी नाई. तुमी सांगा. पण तुमी सोता पाह्यलं तेवढंच सांगा. ऐकलेलं नाई, अंदाजाचं नाई."

तिनं मोबाईल टेबलावर ठेवला. मी उठून जायला निघाले, तर सहदेवरावांनीच हातानं खूण केली, बसा म्हणून. बोलतील असं मला वाटत नव्हतं. वीस वर्षं उराशी धरलेली गोष्ट पोटच्या पोरीसमोर, परक्या बाईच्या टेबलावर सोडून द्यायची, हे सोपं नाही. मला त्या क्षणी त्यांची कीव आली नाही, आदरच वाटला, कारण ते उठून गेले नाहीत.

"नाव सांगा लागते का?" त्यांनी विचारलं.

"हो. पूर्ण नाव सांगा. अन त्या लेखाचं पण सांगा."

ते ऑफिसात जबाब द्यावा तसे बोलायला लागले.

"मी सहदेव डोमाजी तायडे. स्मरणिकेतला लेख मी लिहिलेला हाये. शाळा माह्या वडलानं काढली असं मी लिहिलं, त्याले माह्यापाशी आधार नव्हता. शाळा भगवंत मास्तरनं काढली असं माही आई सांगते. माहे वडील तिथं शिकले. आता पाह्यलेलं सांगतो. मी तिसरीत होतो. गावात परीक्षेचा निकाल लागला. कार्डावर मार्क लिहून भेटे. माह्या वर्गातल्या पोट्ट्यायचे बाप मजूर, कोणालेच वाचता येत नव्हतं. पोट्टे घरी जाऊन सांगत, पास झालो, पह्यला आलो. बाप खुश. कोणी गूळ दे, कोणी पैसा दे. मी बी घरी जाऊन सांगतलं, पह्यला आलो."

पिंकीनं विचारलं, "मंग?"

"मंग त्यानं कार्ड मांगलं. दिव्यापाशी नेलं. एक एक अक्षरावर बोट ठेवून सगळं वाचलं, मास्तरच्या सहीपर्यंत. गणितात नापास होतो." सहदेवराव हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. "सगळ्या वर्गात मले एकट्यालेच मार पडला. एकट्याच्याच बापाले वाचता येत होतं."